पावसात क्लबचा सामना : पहिल्यांदाच कर्णधार झालेल्यांसाठी

पावसाने अडलेल्या सामन्यात जी भांडणं होतात, ती बहुतेक वेळा नाणेफेकीआधी न बोललेल्या गोष्टींवरून होतात. किती षटकं झाली तर निकाल धरायचा, लक्ष्य कोणत्या पद्धतीने काढायचं, ‘आता खेळूया’ हे कोण ठरवणार, हे सगळं पाऊस पडून गेल्यावर विचारलं की प्रत्येकाचं उत्तर आपापल्या संघाच्या सोयीचं निघतं. म्हणून या लेखात फटके आणि यॉर्करपेक्षा कागद, घड्याळ आणि फडकी यांच्याबद्दल जास्त लिहिलं आहे. क्लबमध्ये नवीन असाल आणि कर्णधारपद किंवा संघाची व्यवस्था अचानक गळ्यात पडली असेल, तर हा लेख तुमच्यासाठी.

१. आदल्या रात्री : कागद आणि सामान

आधी कागद. हे सगळं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, कारण ओल्या मैदानावर सुटा कागद तासभरही टिकत नाही.

- स्पर्धेच्या नियमावलीची छापील प्रत. पावसाचे नियम ज्या पानांवर आहेत तिथे खूण करून ठेवा. फोनवर पीडीएफ आहे म्हणून निर्धास्त राहू नका; ओल्या बोटांनी स्क्रीन चालत नाही आणि नेमक्या वेळी बॅटरी संपते.
- खेळाडूंची यादी आणि नोंदणीची ओळखपत्रं. नाणेफेकीआधी अकरा जणांची लेखी यादी द्यावी लागते.
- स्कोअरबुक आणि दोन-तीन पेन्सिली. पावसात शाईचं पेन नको. एक थेंब पडला तरी सहा धावांचा डाग होतो.
- लक्ष्य काढण्याचा तक्ता, किंवा ज्या पद्धतीने हिशेब करणार आहात तिची लेखी टीप.

आता सामान. कोरडी फडकी भरपूर घ्या. नवखे संघ हमखास इथेच कमी पडतात. चेंडू पुसायला वेगळी, बॅटची मूठ पुसायला वेगळी, हात पुसायला वेगळी. ग्लोव्हजची दुसरी जोडी, आतले सुती ग्लोव्हज, बॅटची जादा ग्रिप, कोरडे मोजे. बुटांना धातूचे स्पाइक हवेत. रबरी तळव्याचे बूट कोरड्या मैदानावर ठीक, पण ओल्या गवतावर गोलंदाजाने पुढचा पाय टेकवला की थेट घसरगुंडी. स्पाइक सैल झालेत का ते घरीच बघा आणि ते आवळायची चावी पिशवीत टाका. लाकडाचा भुसा मैदानावर मिळणार आहे का, हे मैदान सांभाळणाऱ्यांना आदल्या दिवशीच विचारा. नसेल तर एक पोतं सोबत न्या. त्याशिवाय मोठे स्पंज, बादली, दोर आणि जुनी वर्तमानपत्रं. वर्तमानपत्रांचं काम शेवटी येईल.

इंग्लिश विलोची बॅट असेल तर तिचा पाया तपासा. बॅट ओल्या क्रीजमध्ये टेकवून उभं राहिलं की पाणी तळातून वर चढतं, लाकूड फुगतं आणि पुढच्याच यॉर्करला चीर जाते. पायाला रबरी गार्ड बसवून घ्या. तोही नसेल तर सरावातली जुनी बॅट वापरा. नवी बॅट पावसात मिरवायची हौस मला तरी कधी समजली नाही.

२. मैदानावर पोचल्यावर

लवकर पोचा आणि पिशवी ठेवून आधी मैदानाला एक फेरी मारा. खेळपट्टीकडे सगळेच बघतात. तुम्ही दोन्ही टोकांचे रनअप, यष्टिरक्षक उभा राहतो ती जागा आणि सीमारेषेजवळचे खोलगट भाग बघा. पाणी साचतं ते नेहमी ठरलेल्या कोपऱ्यांत. ते कोपरे क्षेत्ररक्षकांना दाखवून ठेवा. जोरात आलेला चेंडू तिथे जागच्या जागी मेल्यासारखा थांबतो, आणि धावत आलेला क्षेत्ररक्षक मात्र थांबत नाही.

खेळपट्टीवर कव्हर असेल तर ते काढताना पाणी कुठे जाणार याचा विचार आधी करा. घाईत एका टोकाने ओढलं की वरचं सगळं पाणी खेळपट्टीवरच ओतलं जातं. आणखी एक गोष्ट: कव्हर बराच वेळ जमिनीला चिकटून राहिलं तर खालची माती घामेजते. पाऊस थांबला की ते थोडं उचलून हवा खेळू द्यायला हवी. हे काम मैदान सांभाळणाऱ्यांचं आहे, तुम्ही फक्त आठवण करा. आणि तिथे हात लावण्याआधी विचारा, ही माणसं खेळपट्टीला जिवापाड जपतात.

३. नाणेफेकीआधी : दोन्ही कर्णधार आणि पंच यांनी ठरवायचं

संपूर्ण लेखातून एकच भाग वाचायचा असेल तर हा वाचा. नियमांप्रमाणे नाणेफेक खेळ सुरू होण्याच्या जास्तीत जास्त ३० आणि कमीत कमी १५ मिनिटं आधी होते. खेळ उशिरा सुरू होणार असेल तर ही वेळ नव्या सुरुवातीपासून मोजतात. त्याच्याही आधी पाच-दहा मिनिटं मागून घ्या आणि पुढचे प्रश्न विचारा. संकोच करू नका. मुरलेला कर्णधार हे प्रश्न स्वतःहून काढतो.

खेळायचं की नाही, हे कोण ठरवणार? क्रिकेटच्या नियमांतला दुसरा नियम याबाबत स्वच्छ आहे : निर्णय फक्त दोन्ही पंचांचा, आणि दोघांनी मिळून घेतलेला. कर्णधारांना त्यात मत नाही. क्लबच्या सामन्यात अनेकदा तटस्थ पंच नसतात आणि फलंदाजी करणाऱ्या संघाचेच खेळाडू पांढरा कोट घालून उभे राहतात. तसं असेल तर पावसापुरता दोन्ही संघांचा एकेक माणूस पंच म्हणून ठेवायचं आधीच ठरवा.

कव्हर कुठवर? एमसीसीच्या (मेरिलबोन क्रिकेट क्लब, क्रिकेटचे नियम करणारी संस्था) नियमांनुसार सामना सुरू असताना संपूर्ण खेळपट्टी झाकायची नसते. तशी तरतूद स्पर्धेच्या नियमावलीत असेल किंवा नाणेफेकीआधी दोन्ही संघांचं एकमत झालं असेल तरच ती झाकता येते. रनअप मात्र शक्य तेव्हा झाकायचे, आणि ते कव्हर पॉपिंग क्रीजच्या (यष्ट्यांपुढची फलंदाजाची रेषा) पुढे ५ फुटांपेक्षा जास्त सरकवायचं नाही. बहुतेक जण संपूर्ण खेळपट्टी झाकणं गृहीतच धरतात. गृहीत धरू नका, विचारा.

किती षटकं झाली तर निकाल? आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामन्यात दुसऱ्या संघाला किमान २० आणि ट्वेंटी-२० मध्ये किमान ५ षटकं खेळायला मिळावी लागतात. क्लब स्पर्धांचे आकडे वेगळे असतात, म्हणून नियमावली उघडून दोघांनी एकत्र वाचा.

किती मिनिटं गेली की एक षटक कापायचं? सामना किती वाजेपर्यंत ताणायचा? राखीव दिवस आहे का? आणि लक्ष्य काढण्याची पद्धत कोणती? उत्तरं कागदावर लिहा, दोघांनी सह्या करा आणि फोटो काढून ठेवा. अतिरेक वाटेल, पण संध्याकाळी याच कागदाने दोस्ती वाचते.

४. नाणेफेक जिंकलात तर

मर्यादित षटकांचा सामना असेल आणि आभाळ गच्च भरलेलं असेल, तर मी बहुतेक वेळा क्षेत्ररक्षण घेतो. षटकं कमी झाली तर पाठलाग करणाऱ्याला किती षटकांत किती धावा करायच्या हे ठाऊक असतं. पहिला संघ मात्र पूर्ण षटकं मिळतील या हिशेबाने डाव रचतो आणि मध्येच त्याची षटकं कापली जातात.

पण हा ठोकताळा डोळे झाकून लावू नका. भिजलेली खेळपट्टी आणि वाळत आलेली खेळपट्टी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पुरती भिजलेली असेल तर चेंडू मंद येतो, उसळी कमी असते, फलंदाजाला वेळ मिळतो. खरा त्रास त्यानंतर ऊन पडलं की सुरू होतो. वरचा थर कडक होऊ लागतो, खाली ओल तशीच असते, आणि चेंडू मातीत रुतून कधी अंगावर उसळतो तर कधी जागीच वळतो. सकाळी पाऊस आणि दुपारी ऊन असा अंदाज असेल, तर दुसऱ्या डावात खेळणं महागात पडू शकतं.

१९३७ च्या जानेवारीत मेलबर्न कसोटीत डॉन ब्रॅडमन यांनी याच फरकावर सामना फिरवला. पावसाने खेळपट्टी बिघडल्यावर त्यांनी दुसऱ्या डावात फलंदाजीचा क्रम उलटा केला. तळाचे गोलंदाज आधी धाडले, खेळपट्टी वाळेपर्यंत वेळ काढला, स्वतः सातव्या क्रमांकावर उतरले आणि २७० धावा केल्या. ऑस्ट्रेलिया ३६५ धावांनी जिंकली. तुमच्या सामन्यात इतका वेळ नसतो. तरी वाईट अर्धा तास कोणाच्या अंगावर ढकलायचा, हा विचार क्लबच्या कर्णधारालाही करता येतो.

५. ओल्या चेंडूने गोलंदाजी

कातडी चेंडू पाणी पितो. जड होतो, शिवण फुगते, चकाकी जाते, स्विंग मावळतो. फिरकी गोलंदाजाच्या बोटांत तो साबणासारखा सटकतो. म्हणून पावसाची भुरभुर चालू असताना फिरकीपटूला पुढे करू नका, त्याची षटकं कोरड्या वेळेसाठी राखून ठेवा. अशा वेळी मध्यमगतीचा, यष्ट्यांवर मारा करणारा, चेंडूवर बोटं फिरवून कटर टाकणारा गोलंदाज सोन्याच्या मोलाचा.

चेंडू पुसण्याचे नियम माहीत करून घ्या, कारण इथे पाच धावांचा दंड बसू शकतो. पंचांनी मान्य केलेल्या फडक्यानेच चेंडू कोरडा करता येतो. शिवणीत चिखल बसला असेल तर तो पंचांच्या देखरेखीखाली काढायचा. खिशातून कोणतंही फडकं काढून घासत बसायचं नाही, जमिनीवर चेंडू घासायचा नाही, आणि थुंकी लावणं तर २०२२ पासून नियमांतच बंद आहे. फडकं डाव सुरू होण्याआधी पंचांना दाखवा. चेंडू पुसायला एकच माणूस नेमा, मिडऑफचा क्षेत्ररक्षक सोयीचा. प्रत्येक चेंडूनंतर तो त्याच्याकडूनच गोलंदाजाकडे जाऊ द्या. चेंडू फार भिजला म्हणून बदलून मागितला तरी निर्णय पंचांचाच, आणि मिळतो तोही साधारण तेवढाच वापरलेला.

गोलंदाजाच्या पायाखाली भुसा टाका. फक्त पाय पडतात तिथेच. खेळपट्टीच्या मधल्या भागात भुसा टाकायचा नाही.

क्षेत्ररक्षण लावताना सीमारेषेवरचे दोघे-तिघे आत ओढा. आउटफील्ड मंद असते, जमिनीलगतचा चौकार क्वचित जातो, पण आरामात दोन-दोन धावा निघतात. घसरत जाऊन चेंडू अडवायला मनाई करा. ओल्या गवतावर गुडघा कुठे अडकेल सांगता येत नाही. झेल दोन्ही हातांनी, छातीजवळ.

६. फलंदाजी करताना

पुढे झुकून लवकर ड्राइव्ह करायची सवय असेल तर ओली खेळपट्टी तुम्हाला कव्हरच्या क्षेत्ररक्षकाकडे झेल द्यायला लावणार. चेंडू थांबून येतो. उशिरा खेळा, बॅट मऊ हाताने धरा, चेंडू नजरेखाली येऊ द्या. जमिनीलगतच्या फटक्याला मोल कमी मिळतं, म्हणून क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून पण बेताचा फटका, आणि मोकळ्या जागेत ढकलून दोन धावा.

धाव घेताना हाक मोठ्याने आणि लवकर द्या. वळताना सरळ रेषेत थांबायचा प्रयत्न केला तर घसराल, शेवटची दोन-तीन पावलं आखूड घ्या. दर षटकाला बॅटची मूठ आणि ग्लोव्हज पुसा. पंच ‘किती वेळ’ म्हणतील, पण नम्रपणे विचारलं तर सहसा अडवत नाहीत.

७. खेळ थांबला की

भुरभुर सुरू झाली म्हणून कोणी आपणहून मैदान सोडायचं नाही. गवत आणि चेंडू ओले आहेत एवढ्यावरून खेळ धोकादायक ठरत नाही, असं नियमच सांगतो. गोलंदाजाला पाय रोवता येत नाहीत, क्षेत्ररक्षकांना मोकळेपणी हलता येत नाही, फलंदाजाला फटका मारता येत नाही किंवा धावता येत नाही, अशी स्थिती झाली की मात्र पंचांनी खेळ थांबवायचाच. हे तुम्हाला ठाऊक असेल तर समोरचा संघ हरायला लागल्यावर अचानक ‘फार ओलं झालंय’ म्हणू लागतो, तेव्हा शांत राहता येतं.

विजेच्या बाबतीत मात्र घासाघीस नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, म्हणजे ३० सेकंदांत आवाज आला तर वीज सुमारे १० किलोमीटरच्या आत आहे. अशा वेळी मैदान सोडा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं परत येऊ नका. पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत बसा. झाडाखाली, साइटस्क्रीनच्या आडोशाला किंवा लोखंडी मांडवाखाली नाही. पंच रेंगाळत असले तरी तुमची मुलं तुम्ही आत घ्या. गुण गेले तर गेले.

खेळ थांबला त्या क्षणी स्कोअररकडून तीन गोष्टी लिहून घ्या : घड्याळातली वेळ, किती षटकं आणि चेंडू झाले, धावा आणि बळी किती. दोन्ही स्कोअररचे आकडे तिथल्या तिथे जुळवा. अर्ध्या तासाने ‘थांबलो तेव्हा १७.४ षटकं होती की १७.५?’ यावर वाद होऊ शकतो, आणि पुढचा सगळा हिशेब त्यावरच उभा असतो.

पंच पाहणीला जातात तेव्हा त्यांच्या मागे जाऊ नका. पाहणी खेळाडूंना सोबत न घेता करायची असते.

८. पाणी काढणं आणि हिशेब

मैदान सांभाळणाऱ्यांनी परवानगी दिली तर सगळा संघ कामाला लावा, समोरच्या संघालाही हाक मारा. साचलेलं पाणी स्पंजने शोषून बादलीत पिळा. गवतावरचे थेंब झटकायला दोघांनी दोर ताणून धरायचा आणि मैदानभर ओढत न्यायचा, हा जुना उपाय आजही नंबर एक. खेळपट्टी ओली असताना जड रोलर फिरवायचा आग्रह धरू नका, त्याने ओल वर येते आणि माती उखडते.

चिकाटीचं उदाहरण हवं तर १९६८ ची ओव्हल कसोटी आठवा. शेवटच्या दिवशी वादळी पावसाने मैदान पाण्याखाली गेलं. प्रेक्षक उतरले, कर्मचाऱ्यांसोबत पाणी काढू लागले. शेवटच्या टप्प्यात खेळ सुरू झाला आणि डेरेक अंडरवूड यांनी ५० धावांत ७ बळी घेत, अवघी काही मिनिटं उरली असताना इंग्लंडला सामना जिंकून दिला. तेव्हा लवकर गाशा गुंडाळू नका.

आता हिशेब. समजा ४० षटकांचा सामना आहे, सुरुवातीलाच ४० मिनिटं गेली आणि चार मिनिटांना एक षटक असं ठरलं आहे. एकूण १० षटकं गेली, म्हणजे प्रत्येक संघाची ५. सामना ३५ षटकांचा झाला. एका गोलंदाजाला डावातल्या षटकांचा पाचवा हिस्सा मिळतो, म्हणजे ७. संख्या पाचने नीट भागली जात नसेल, उदाहरणार्थ २८ षटकं, तर तीन गोलंदाजांना ६ आणि दोघांना ५. हे कर्णधाराने स्वतः लिहून खिशात ठेवावं.

लक्ष्याच्या बाबतीत छोट्या क्लबमध्ये साधी सरासरी धावगती वापरतात. पहिल्या संघाने ४० षटकांत १६० केल्या, धावगती ४. दुसऱ्या संघाला २५ षटकं मिळाली तर १०० धावा. इथे दोन खड्डे आहेत. पहिला : १०० म्हणजे बरोबरी, जिंकायला १०१ लागतात. दुसरा : पहिला संघ ३१ षटकांत सर्वबाद झाला असेल तरी भागाकार पूर्ण ४० षटकांनीच करायचा, ३१ ने नाही.

ही पद्धत सोपी आहे, पण पाठलाग करणाऱ्याला झुकतं माप देते. त्याच्या हातात दहाच्या दहा बळी असतात आणि खेळायला षटकं कमी, मग तो पहिल्या चेंडूपासून फटकावतो. ज्या षटकांत पहिल्या संघाच्या सर्वांत कमी धावा झाल्या तीच वजा करायची, हा दुसरा प्रयोग याहून वाईट ठरला. २२ मार्च १९९२, सिडनी, विश्वचषकाचा उपांत्य सामना. दक्षिण आफ्रिकेला इंग्लंडविरुद्ध १३ चेंडूंत २२ धावा हव्या होत्या. दहा-बारा मिनिटांच्या पावसानंतर हवे होते एका चेंडूत २१. फलकावर तर २२ झळकत होते.

त्या फजितीनंतर फ्रँक डकवर्थ आणि टोनी लुईस यांची पद्धत आली. ती पहिल्यांदा १ जानेवारी १९९७ रोजी हरारेत झिम्बाब्वे-इंग्लंड सामन्यात वापरली गेली. २०१४ मध्ये स्टीव्हन स्टर्न यांचं नाव जोडलं गेलं. तिचं सूत्र असं की संघाकडे दोन साधनं असतात, उरलेली षटकं आणि हातातले बळी. पाऊस आला तेव्हा दोन्हींपैकी किती शिल्लक होतं ते मोजून लक्ष्य बदलतं. तक्ता किंवा संगणकाचा प्रोग्रॅम मिळत असेल तर माझं मत याच पद्धतीला. फक्त कोणता तक्ता किंवा कोणतं ॲप, हे नाणेफेकीआधी ठरलेलं असू द्या. दोन ॲप दोन आकडे दाखवू शकतात.

तक्ता हातात असताना सर्वांत मोठा सापळा ‘पार’ धावसंख्येचा आहे. पार म्हणजे त्या क्षणी सामना थांबला तर बरोबरी होईल तो आकडा. २००३ च्या विश्वचषकात डर्बनला श्रीलंकेविरुद्ध दक्षिण आफ्रिकेची ४५ षटकांअखेर पार २२९ होती. मार्क बाऊचरने मुरलीधरनला षटकार मारून २२९ गाठले आणि जिंकायला एवढं पुरेसं आहे असं समजून पुढचा, शेवटचा चेंडू अडवून ठेवला. पाऊस आला, सामना बरोबरीत सुटला आणि यजमान स्पर्धेबाहेर गेले. म्हणून मैदानात निरोप पाठवताना पारचा आकडा पाठवूच नका. पार अधिक एक करूनच पाठवा. आणि प्रत्येक बळीनंतर नवा आकडा पाठवा, कारण बळी गेला की पार वाढते.

खेळ पुन्हा सुरू होण्याआधी सगळ्यांना पाच मिनिटं धावायला लावा. गारठलेले स्नायू पहिल्याच धावेला दुखावतात.

९. सामना संपल्यावर

निकालपत्रावर थांबलेल्या वेळा, कापलेली षटकं आणि सुधारित लक्ष्य स्पष्ट लिहा. दोन्ही कर्णधार आणि पंचांच्या सह्या मैदानावरच घ्या. सामना रद्द झाला असेल तरी निकालपत्र पाठवावं लागतं. ते न पाठवल्यामुळे गुण कापले जाणारे संघ दर हंगामात दिसतात.

मग सामान. बूट घरी आल्याबरोबर पिशवीतून काढा, आतल्या पट्ट्या वेगळ्या करा आणि वर्तमानपत्रं कोंबा. काही तासांनी कागद बदला. हीटरजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नका, कातडं तडकतं. पॅड आणि ग्लोव्हज पंख्याखाली उघडे टाकून ठेवा. बॅट पुसून आडवी ठेवा, भिंतीला टेकवून उभी नको, नाहीतर उरलेलं पाणी पायाशी उतरतं. ती पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे एक-दोन दिवस तरी, तेल लावू नका. नंतर उघड्या लाकडावर जवसाच्या कच्च्या तेलाचा पातळ हात फिरवा. बॅटवर पारदर्शक पट्टी चिकटवलेली असेल तर फक्त कडा आणि मागची बाजू. स्पाइक काढून पुसा, नाहीतर गंजून बसतात आणि पुढच्या सामन्याच्या सकाळी चावीने निघत नाहीत.